छायाचित्रांची स्वतंत्र माला



आपल्या शाळेंतून उत्तीर्ण होऊन महाविद्यालयांत गेलेल्या एका विद्यार्थ्यानें गेल्या दिवाळीच्या सुटींत मला एक प्रश्न विचारला. त्याच्या मोबाईलमध्यें चार हजारांवर छायाचित्रें साठलीं होतीं. त्यांत सूर्यास्त होते, पावसांत भिजलेलीं फुलें होतीं, पोळ्याच्या दिवशीं शृंगारलेले बैल होते आणि सहलींतील मित्रांचे हंसरे चेहरेहि होते. तो म्हणाला, "दादा, यांतलें एकेक चित्र लोकांना आवडतें, पण सगळीं मिळून कांहींच होत नाहीं. असें कां?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण कांहीं वर्षांपूर्वीं तोच प्रश्न मलाहि पडला होता, आणि त्याचें उत्तर मिळवितांना माझ्या हातून एक चूकहि घडली होती. तें उत्तर व ती चूक हीं दोन्ही आपणांपुढें मांडावीं, म्हणून हा लेख लिहीत आहें. आपणांपैकीं पुष्कळजण लवकरच महाविद्यालयांत जातील. तेथें अभ्यासक्रमाबाहेरचें, स्वतःच्या मनानें हातीं घेतलेलें एखादें काम असावें अशी हौस ज्यांना असेल, त्यांस यांतून कांहीं वाट सांपडेल अशी आशा आहे.

फुलांची रास आणि फुलांची माला यांत जो भेद आहे, तोच सुट्या छायाचित्रांत व चित्रमालेंत आहे. राशींतील प्रत्येक फूल सुंदर असूं शकतें. परंतु त्यांतून एक धागा जाईपर्यंत त्यांची माला होत नाहीं. चित्रमालेचा धागा म्हणजे एक प्रश्न होय. एकाच विषयाकडे, एका प्रश्नाच्या शोधांत, दीर्घ काळ पुन्हांपुन्हां जाऊन काढलेलीं, त्यांतून निवडलेलीं व विशिष्ट क्रमानें मांडलेलीं छायाचित्रें म्हणजे चित्रमाला. 'स्वतंत्र' या शब्दाचाहि अर्थ येथेंच सांगून ठेवतों. जें काम परीक्षेच्या गुणांसाठीं नाहीं, वर्तमानपत्राच्या मागणीवरून नाहीं आणि बक्षिसाच्या आशेनेंहि नाहीं, तें स्वतंत्र. विषय कोणता, तो कसा पाहावा, काय ठेवावें व काय वगळावें, हे सारे निर्णय त्यांत आपलेच असतात. अर्थात् त्यांची जबाबदारीहि सर्वस्वीं आपलीच असते. हें दुसरें वाक्य मला फार उशिरां समजलें.

विद्यार्थ्यानें कॅमेरा हातीं घेणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नाहीं. फ्रान्समध्यें दागेर याची छायाचित्रणाची रीत १८३९ सालीं जगापुढें आली. त्यानंतर पंधराच वर्षांनीं, १८५४ सालीं, मुंबईंत छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली, आणि १८५५ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गांत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढें मुंबईंतील पहिल्या हिंदी व्यावसायिक छायाचित्रकारांपैकीं एक म्हणून प्रसिद्धि पावले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हेहि त्याच काळांतले नांवाजलेले छायाचित्रकार होत. त्या वेळीं कांचेवर रसायनाचा लेप द्यावा लागे, तो ओला असतांनाच चित्र घ्यावें लागे, आणि सारें साहित्य ओझ्यासारखें वाहून न्यावें लागे. आज खिशांतून काढलेल्या यंत्रानें एका क्षणांत चित्र मिळतें. साधन सुलभ झालें. परंतु काय पाहावें हा प्रश्न तेव्हां होता तितकाच कठीण आजहि आहे.

या प्रश्नाचें एक उत्तर होमाई व्यारावाला यांच्या चरित्रांत मिळतें. त्यांचा जन्म १९१३ सालीं नवसारी येथें झाला व शिक्षण मुंबईस झालें. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत शिकत असतां त्यांना छायाचित्रणाचा छंद लागला. ही विद्या त्यांनीं मुख्यतः माणेकशा व्यारावाला यांजकडून घेतली, व पुढें त्यांच्याशींच त्यांचा विवाह झाला. विद्यार्थिदशेंत त्यांनीं कोणाचीं चित्रें घेतलीं? राजवाड्यांचीं नव्हेत, परदेशांचींहि नव्हेत. कलाशाळेंतल्या आपल्या मैत्रिणींचीं, स्त्रियांच्या एका सहलीचीं, मुंबईच्या रस्त्यांचीं. सहलीचीं तीं चित्रें 'बॉम्बे क्रॉनिकल' पत्रांत छापलीं गेलीं, आणि दर चित्रास एक रुपया मिळाला. आरंभीं त्यांचीं कांहीं चित्रें माणेकशांच्या नांवानें प्रसिद्ध होत, कारण एका अपरिचित स्त्रीच्या कामावर कोणी सहजासहजीं विश्वास ठेवीत नसे. पुढें दिल्लीस राहून त्यांनीं स्वातंत्र्याच्या उदयकाळाचा जो चित्रमय इतिहास टिपला, तो आज सर्वमान्य आहे. २०११ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें व २०१२ सालीं त्या निवर्तल्या. मला मात्र त्यांचीं मैत्रिणींचीं चित्रें विशेष बोधप्रद वाटतात. १९३० नंतरच्या दशकांतील मुंबईची शिकणारी तरुणी कशी बसे, कशी हंसे, कशी चित्रें रंगवी, हें आज आपणांस दिसतें, याचें कारण एका विद्यार्थिनीला तें रोजचें दृश्यच पाहण्याजोगें वाटलें.

दुसरें उदाहरण अलीकडचें आहे. दयानिता सिंह या १९८० सालीं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत शिकण्यास गेल्या. तेथें असतांना मुंबईचे तबलावादक झाकिर हुसेन यांच्या मैफलीचीं चित्रें घेण्यास त्या गेल्या, तेव्हां व्यवस्थापकांपैकीं एकानें त्यांना अडविलें, ढकलाढकल झाली आणि त्या सर्वांसमक्ष पडल्या. दुसरा एखादा विद्यार्थी निमूटपणें घरीं गेला असता. त्यांनीं मैफल संपल्यावर थेट कलावंतालाच गांठलें. त्यांतून जो परिचय झाला, त्याच्या बळावर पुढील सहा हिवाळे त्या झाकिर हुसेन व इतर गवय्या-वादकांबरोबर गांवोगांव हिंडल्या. व्यासपीठावरचें वादन हा त्यांच्या चित्रांचा एक भाग झाला; प्रवास, सराव, घर आणि विसांवा हा दुसरा. यांतून १९८६ सालीं त्यांचें पहिलें पुस्तक निघालें. त्याचा मूळ हस्तनिर्मित नमुना हें त्यांचें विद्यार्थिदशेंतील काम असून, तोहि २०१९ सालीं एका जर्मन प्रकाशकानें जसाच्या तसा छापला. २०२२ सालीं त्यांना हॅसलब्लाड पारितोषिक मिळालें.

या दोन उदाहरणांतून दोन गोष्टी घ्यावयाच्या. पहिली, विषय जवळचा असावा. दुसरी, त्याच्याकडे पुन्हांपुन्हां जावें. एका संध्याकाळीं घेतलेल्या चित्रांत जें येत नाहीं, तें सहा हिवाळ्यांनंतर येतें.

आतां कोणी म्हणेल, मुंबई व अहमदाबाद यांची गोष्ट निराळी. आमच्या वाशीम जिल्ह्यांत पाहण्यासारखें काय आहे? १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा लहानसा जिल्हा. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा असे याचे सहा तालुके. परंतु विषयांचा तोटा येथें मुळींच नाहीं. वाशीम हेंच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथील पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर पहांटेपासून रात्रीपर्यंत कोण येतें व कोण जातें, एवढाच विषय एका वर्षाला पुरेल. कारंज्याचे जुने वाडे व वेशी आहेत. पोहरादेवीस जमणारा बंजारा समाज आहे, आणि यात्रा संपल्यावर तांड्यांत परतलेलें त्याचें रोजचें जीवनहि आहे. सोयाबीनची मळणी, कापसाची वेचणी, बाजार-समितींतला लिलाव, आठवडी बाजारांतील कल्हईवाला, पैनगंगेच्या काठचे मासेमार, यांपैकीं कोणताहि विषय हलका नाहीं.

विषय निवडतांना तीन कसोट्या लावाव्या. सायकलीनें किंवा एस. टी. नें जाऊन त्या ठिकाणीं दहा वेळां पोंचतां येईल काय? तेथील माणसें आपणांस येऊं देतील काय? आणि तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची: आपला प्रश्न एका वाक्यांत लिहितां येतो काय? 'आठवडी बाजार' हा प्रश्न नव्हे, तें नुसतें नांव आहे. 'बाजार उठल्यावर न विकलेल्या मालाचें काय होतें?' हा प्रश्न आहे. असें वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहावें. तें पुढें बदलेल, बदलूं द्यावें.

माझा स्वतःचा विषय होता शकुंतला. हें नांव ऐकून कालिदास आठवेल. पण ही आमची वऱ्हाडची रेल्वे. मूर्तिजापूरहून कारंजा व दारव्हा या मार्गानें यवतमाळपर्यंत सुमारे ११३ किलोमीटर आणि दुसऱ्या बाजूस अचलपूरपर्यंत असा हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग. विसाव्या शतकाच्या आरंभीं किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनें वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणून मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठीं तो बांधविला. १९२१ सालीं मँचेस्टर येथें तयार झालेलें वाफेचें इंजिन या मार्गावर १९९४ च्या एप्रिलपर्यंत धांवत होतें. नंतर डिझेलचें आलें. मोजके कर्मचारी सगळें काम पाहत. वाटेंतल्या फाटकापाशीं गाडी थांबवून तेच खालीं उतरत, फाटक लावीत व मग गाडी पुढें नेत. आतां ती गाडी बंद आहे. मीं महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत असतां कारंज्याजवळचे ते रूळ चित्रांत घेण्याचें ठरविलें.

पहिल्या महिन्यांत मीं तीनशें चित्रें घेतलीं. रुळांवर वाढलेलें गवत, गंजलेले खिळे, ओसाड फलाट, मावळता सूर्य. तीं पाहून माझें मलाच समाधान वाटे. एके दिवशीं रुळाकडेच्या शेतांत निंदण करणाऱ्या एका आजीनें मला विचारलें, "काहून रे बाप्पा, रोज येऊन या लोखंडाचे फोटू काढून रायला? याच्यात माणूस कुठी हाय?" मी कांहींतरी उत्तर दिलें, पण घरीं येऊन तीनशें चित्रें पुन्हां पाहिलीं, तेव्हां खरोखरच त्यांत एकहि माणूस नव्हता. बाहेरगांवच्या पाहुण्यानें एका दुपारीं टिपावें तेंच मीं महिनाभर टिपीत होतों. त्या रात्रीं वहीच्या पहिल्या पानावरचें 'शकुंतलेचे अवशेष' हें शीर्षक मीं खोडलें आणि लिहिलें: 'ही गाडी कोणाच्या दिवसांतून गेली?'

प्रश्न बदलतांच काम बदललें. त्या गाडीनें माहेरीं जाणाऱ्या स्त्रिया, भाजीचे भारे घेऊन बाजारास येणारे शेतकरी, गाडीच्या वेळेवर चहाचें दुकान उघडणारा दुकानदार, अशीं माणसें मी शोधूं लागलों. कॅमेरा पिशवींत ठेवून आधीं बोलत बसावें, दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटींत विचारून चित्र घ्यावें, असा नियम केला. चित्र घेतल्यावर त्याच दिवशीं वहींत तारीख, ठिकाण, त्या माणसानें सांगितलेली हकीकत आणि चित्र छापण्यास त्याची संमति आहे कीं नाहीं, हें टिपून ठेवावयाचें. ही वही कॅमेऱ्याइतकीच आवश्यक आहे. सहा महिन्यांनंतर चेहरा ओळखतां येतो, हकीकत आठवत नाहीं.

येथें साधनाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण नवशिक्यांचा अर्धा उत्साह त्यांतच खर्च होतो. माझ्याजवळ मागून आणलेला एक जुना कॅमेरा होता. साधा मोबाईल असला तरी चालतें. छायाचित्र म्हणजे मोजून घेतलेला प्रकाश. तो तीन गोष्टींनीं मोजला जातो: भिंगामागचें छिद्र किती मोठें आहे, पडदा किती वेळ उघडा राहतो आणि आंतील पटल प्रकाशाला किती लवकर दाद देतें. छिद्र मोठें केलें कीं प्रकाश अधिक येतो, पण जवळचा चेहरा स्पष्ट व मागचें सारें धूसर होतें. छिद्र लहान केलें कीं जवळचें व दूरचें दोन्ही स्पष्ट येतें. पडदा सेकंदाच्या पांचशेंव्या भागापुरताच उघडला, तर धांवता बैलहि जागींच थबकल्यासारखा दिसतो. तिसाव्या भागापुरता उघडला, तर हात जरा कांपला तरी चित्र पुसट होतें. पटलाची संवेदनक्षमता वाढविली, तर अंधुक घरांतहि चित्र मिळतें. मात्र त्यांत रवाळपणा येतो. मोबाईल हा हिशेब आपला आपण करतो. तरी पडद्यावरील चेहऱ्यावर बोट टेकविलें, तर त्या चेहऱ्याचा प्रकाश तो प्रमाण मानतो. दूरची वस्तु मोबाईलमध्येंच ताणून मोठी करण्यापेक्षां दहा पावलें पुढें जावें. ज्याच्याकडे चार भिंगें असतील, त्यानेंहि पहिलें वर्षभर एकच वापरावें. म्हणजे भिंग बदलण्याऐवजीं जागा बदलण्याची संवय लागते.

आपल्याकडील ऊन हें एक वेगळेंच प्रकरण आहे. वैशाखांत सकाळचे आठ वाजले नाहींत तोंच तें पांढरें फटक होतें. डोळ्यांच्या खोबणींत काळ्या सांवल्या पडतात व माणूस रागावल्यासारखा दिसतो. अशा वेळीं माणसाला ओसरीवर किंवा लिंबाच्या सावलींत बसवावें. पहांटेचा व सूर्यास्तापूर्वींचा तिरपा प्रकाश चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांना न दुखवितां दाखवितो. पावसाळ्यांतले ढगाळ दिवस बहुतेकांना निरुपयोगी वाटतात. वस्तुतः चेहऱ्याचें चित्र घेण्यास त्यांहून चांगला प्रकाश नाहीं. प्रत्येक ठिकाणीं तीन अंतरांवरून चित्रें घ्यावीं: दुरून, म्हणजे जागा कळते; मधून, म्हणजे माणूस काय करीत आहे तें कळतें; आणि जवळून, म्हणजे हात, वस्तु, चेहरा कळतो. घरीं आल्यावर सर्व चित्रांच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. एकाच ठिकाणीं ठेवलेलें काम एका अपघातानें नाहींसें होतें.

आतां त्या चुकीकडे वळतों. रुळांच्या देखभालीवर आयुष्य घालविलेले एक वृद्ध गृहस्थ मला भेटले. हातोडा व तांबडी-हिरवी झेंडी घेऊन मैलोगणती रूळ तपाशीत चालणें हें त्यांचें काम असे. एका दुपारीं ते दाराशीं फाटक्या बनियनवर बसले असतां मीं त्यांचें चित्र घेतलें. प्रकाश उत्तम होता, डोळ्यांत थकवा होता, मागें मोडकी भिंत होती. मीं संमति विचारली, ते 'हो' म्हणाले. पण चित्र कोठें जाणार आहे हें मीं त्यांना सांगितलें नाहीं, आणि काढलेलें चित्र दाखविलेंहि नाहीं. तें एका स्पर्धेस धाडलें. त्यास बक्षीस मिळालें. परीक्षकांनीं त्या चित्रांतील दैन्याची फार प्रशंसा केली, व तें चित्र पुष्कळांच्या मोबाईलवरून फिरत फिरत त्यांच्याच गांवीं पोंचलें.

मी आनंदानें पेढे घेऊन गेलों. त्यांनीं पेढा घेतला, बाजूस ठेवला आणि म्हणाले, "बाबू, मी तीस वर्षं वर्दी घालून त्या रुळावर चाललो. एका दिवशीबी बिनावर्दीचा गेलो नाही. अन् तू मले फाटक्या बनियनात दुनियेले दाखवलं."

त्यांच्या आवाजांत राग नव्हता. म्हणून तें बोलणें अधिक लागलें. चित्र खोटें नव्हतें. बनियन खरेंच फाटकें होतें. पण तीस वर्षांच्या नेकीचें मीं एका दुपारच्या दैन्यांत रूपांतर केलें होतें. आणि तें कां? तर वऱ्हाडचा म्हातारा असाच दिसला पाहिजे, असें बाहेरच्या पाहणाऱ्यांना वाटतें, हें मला मनांतून ठाऊक होतें. माझी माला स्वतंत्र आहे असें मी समजत होतों, आणि माझा डोळा मात्र परीक्षकांच्या डोळ्याचा चाकर झाला होता.

गरिबाचें चित्र घेऊंच नये, असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. सुधारक ओलवे यांनीं मुंबईच्या सफाई कामगारांचीं चित्रें वर्षानुवर्षें घेतलीं; गटारांत उतरणारीं माणसें, त्यांचें काम, त्यांचीं घरें हें सर्व त्यांनीं लोकांपुढें ठेवलें. २०१६ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. तें दृश्य सुखद नाहीं, आणि नसावेंच. परंतु त्यांत माणसांचा कैवार आहे, त्यांचें काम दिसतें व त्यांच्यावरील अन्याय दिसतो. प्रश्न दैन्य दाखविण्याचा नाहीं. तें कोणाच्या उपयोगासाठीं दाखविलें, हा आहे. माझें चित्र त्या वृद्धांच्या कांहींच उपयोगाचें नव्हतें. तें माझ्या उपयोगाचें होतें.

मीं तें चित्र मालेंतून काढून टाकलें, आणि स्पर्धेच्या चालकांस पत्र लिहून तें पुढें छापूं नये अशी विनंति केली. पुढच्या आठवड्यांत त्या गृहस्थांकडे जाऊन विचारलें, "काका, आपलें चित्र आपणांस कसें असावें असें वाटतें?" त्यांनीं दोन दिवसांनीं सकाळीं बोलाविलें. मी गेलों तेव्हां ते धुतलेला सदरा व टोपी घालून, हातांत गुंडाळलेल्या दोन झेंड्या घेऊन उभे होते. आम्हीं दोघें रुळापर्यंत चालत गेलों. गवतांत बुडालेल्या रुळांच्या मधोमध ते ताठ उभे राहिले आणि सरळ माझ्याकडे पाहूं लागले. त्या चित्रांत दैन्य नाहीं. पण ज्या मार्गाची राखण त्यांनीं केली, त्यावर आतां कांहीं येणार नाहीं, हें त्यांत फाटक्या बनियनपेक्षां शतपट अधिक दिसतें. तेंच माझ्या मालेचें अखेरचें चित्र झालें.

वर्ष-सव्वा वर्षांत आठशेंच्या आसपास चित्रें जमलीं. त्यांतून निवड करणें हें चित्रें घेण्याहून अवघड काम आहे. सर्व चित्रांच्या पत्त्यांएवढ्या लहान प्रती छापून घ्याव्या व जमिनीवर पसराव्या. पहिल्या फेरींत तांत्रिक दोष असलेलीं काढावीं. दुसऱ्या फेरींत, दोन चित्रें एकच गोष्ट सांगत असतील तर त्यांतलें एक काढावें. तिसऱ्या फेरींत वहीच्या पहिल्या पानावरचा प्रश्न समोर ठेवून, त्याचें उत्तर न देणारें चित्र कितीहि सुंदर असलें तरी काढावें. माझे सगळे सूर्यास्त या फेरींत गेले. शेवटीं बावीस चित्रें उरलीं. मग क्रम लावावयाचा: आरंभीं जागेची ओळख, मग माणसें, मधें एखादें शांत चित्र श्वास घेण्यासाठीं, आणि शेवटीं असें चित्र कीं जें पाहून पहिल्याकडे परत जावेंसें वाटेल. एकेक चित्र काढून पाहावें. तें नसल्यानें कांहींच उणें वाटत नसेल, तर तें नकोच होतें. चित्राखालीं दोन ओळींहून अधिक मजकूर नसावा, आणि जें चित्रांत दिसतेंच तें पुन्हां सांगूं नये. ही निवड एखाद्या जाणत्या शिक्षकाला व छायाचित्रणांतलें कांहीं न कळणाऱ्या एका माणसाला, अशी दोघांना दाखवावी. दोघेंहि जेथें अडखळतील, तेथें दोष आपला आहे.

प्रदर्शनास मोठें दालन लागत नाहीं. मीं बक्षिसाच्या पैशांतून चित्रांच्या प्रती काढल्या. ज्याचें चित्र होतें, त्यास प्रथम त्याची प्रत दिली. उरलेल्या प्रती दोरीला चिमट्यांनीं लावून बाजाराच्या दिवशीं एका ओसरीवर टांगल्या. निंदण करणारी ती आजी आली, बावीसहि चित्रें सावकाश पाहून म्हणाली, "आता यात माणूस हाय." कोणत्याहि परीक्षकाच्या अभिप्रायापेक्षां मला हें वाक्य मोठें वाटतें. एक हस्तलिखित संग्रह मीं स्वतः शिवून बांधला. दहा रुपयांची सुई व दोरा यांत तें काम होतें.

अभ्यास सांभाळून हें कसें जमावें, असें पालक विचारतील व त्यांनीं विचारलेंच पाहिजे. आठवड्यांतून एक सकाळ एवढाच वेळ मीं दिला, आणि परीक्षेच्या दोन महिन्यांत कॅमेरा पेटींत ठेवला. चित्रमाला हें घाईचें काम नसल्यानें मधल्या विश्रांतीनें तिचें नुकसान होत नाहीं. उलट परत पाहतांना डोळा ताजा होतो. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून आपल्या जिल्ह्यांतले शेंकडों विद्यार्थी शिकतात. त्यांतल्या प्रत्येक तालुक्यांतील एकानें जरी असा एकेक विषय वर्षभर धरून ठेवला, तर वीस वर्षांनंतर येथें कोण राहत होतें व कसें राहत होतें, हें सांगण्यासाठीं आपणांस बाहेरच्या कोणाच्या कॅमेऱ्यावर विसंबून राहावें लागणार नाहीं.

दिवाळींत प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला मीं एवढेंच सांगितलें, "चार हजार चित्रें राहूं दे. एक वही घे, आणि तिच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिही." परवां त्याचें पत्र आलें. त्याचे आजोबा मळणीचे दिवस संपल्यावर रोज सकाळीं रिकाम्या खळ्यावर जाऊन बसतात. ते तेथें कां बसतात, हा त्याचा प्रश्न आहे. अद्याप त्यानें एकहि चित्र घेतलेलें नाहीं. सध्यां तो त्यांच्याजवळ नुसता जाऊन बसतो, असें त्यानें लिहिलें आहे. आरंभ उत्तम झाला आहे असें मी समजतों.